पडदा आणि प्रश्न : जपानी झोंबी आणि देवळातल्या चौघी

मागच्या अंकात जपानी भुतांविषयी लिहिताना मी ओघात म्हटले होते की, तिथले स्वस्तातले झोंबीपट हा वेगळाच विषय आहे आणि त्याकडे कधीतरी सवडीने पाहू. नाशिककर वाचकांनी तेवढे एक वाक्य धरून ठेवले. आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. दोन पत्रे बरीच लांब होती, ती आशयाला धक्का न लावता आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : ताई, माझा मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत त्याचे मित्र रात्री आमच्याकडे जमले होते. मी पोह्यांच्या बशा घेऊन खोलीत गेले, तेव्हा लॅपटॉपवर एक जपानी सिनेमा चालू होता. जगातले सगळे पुरुष पिसाळले आहेत आणि चार बायका एका देवळात लपून बसल्या आहेत, असे काहीसे त्यात होते. मला पाहताच मुलांनी घाईने लॅपटॉप मिटला. दुसऱ्या दिवशी मी तो सिनेमा मुलाकडून मागून घेतला आणि दुपारी एकटीने शेवटपर्यंत पाहिला. अर्धा वेळ किळस आली, अर्धा वेळ त्या बायकांची काळजी वाटली. हा सिनेमा बायकांच्या बाजूचा आहे की विरुद्ध, हे मला ठरवता आले नाही. आपण सांगाल का? (एक वाचक, गंगापूर रोड)

उत्तर : आपल्या वर्णनावरून तो नाओयुकी तोमोमात्सु यांनी २०१२ साली दिग्दर्शित केलेला चित्रपट असावा. त्याचे नाव मी मुद्दाम छापत नाही, कारण त्या नावातच अत्याचाराचा शब्द दुकानाच्या पाटीसारखा टांगलेला आहे आणि त्या पाटीची फुकट जाहिरात करण्याची माझी इच्छा नाही. मात्र आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या पाटीतच आहे. ज्याला एक्सप्लॉयटेशन चित्रपट म्हणतात, त्यात गोष्ट नंतर सुचते आणि पोस्टर आधी ठरते. पोस्टरवर काय दिसले म्हणजे गिऱ्हाईक डीव्हीडी उचलेल याचा हिशेब झाला, की त्या पोस्टरला पुरेल एवढी कथा लिहून घेतली जाते. उघडे अंग आणि रक्त हे या हिशेबातले दोन हमखास खपणारे माल आहेत, आणि या प्रकारच्या झोंबीपटांत ते दोन्ही एकाच बाईच्या अंगावर लादले जातात. एवढ्यावरून निकाल द्यायचा तर हा चित्रपट बायकांच्या विरुद्धच आहे, आणि तसा निकाल देणाऱ्या माणसाशी मी भांडणार नाही.

तरीही आपल्याला त्या चौघींची काळजी वाटली हे खोटे नाही, आणि त्याचे कारण, चमत्कारिक वाटेल, पण पैशात आहे. पडद्यावर एक झोंबी आणायचा म्हणजे एक माणूस बोलवावा लागतो, त्याला तासभर बसवून रंगवावे लागते, त्याच्यासाठी कपडे आणून ते फाडावे लागतात आणि दुपारी त्याला जेवूही घालावे लागते. पन्नास झोंबी हवे असतील तर हे सगळे पन्नास वेळा करावे लागते. उलट चार नट्यांना एका खोलीत बसवून बोलते केले, तर जास्तीचा खर्च जवळजवळ काहीच येत नाही. म्हणून अशा चित्रपटांत हल्ल्याची मिनिटे मोजकी असतात आणि उरलेला बराच वेळ दार लावून बसलेली माणसे एकमेकांशी बोलत असतात. ती माणसे बायका असतील, आणि कथेने पुरुषांना आधीच बाद केलेले असेल, तर दार कशाने अडवायचे, पाणी किती दिवस पुरवायचे, बाहेरून हाक आली तर उघडायचे की नाही, हे सगळे बायकांनाच ठरवावे लागते. कोट्यवधी रुपयांच्या चित्रपटात नायिकेच्या वाट्याला नायकाचा हात धरून पळण्यापलीकडे फारसे काही येत नाही. इथे निर्मात्याने काटकसर केली आणि तिच्या पोटी चार बायकांना बोलायला जागा मिळाली. हे कोणी ठरवून केले असे मी म्हणणार नाही.

दिग्दर्शकाने मात्र या विषयावर काहीच विचार केला नव्हता असेही म्हणता येत नाही. याच तोमोमात्सु यांनी २००१ साली केंजी ओत्सुकी यांच्या कादंबरीवरून एक चित्रपट केला होता, ज्यात जगभरातल्या पंधरा ते सतरा वर्षांच्या मुली अचानक मरतात आणि झोंबी होऊन उठतात, आणि त्यांना पुन्हा मारण्याचे काम त्यांच्याच माणसांवर येऊन पडते. म्हणजे आधी मुली राक्षस झाल्या, आणि दहा-अकरा वर्षांनी पुरुष. ही उलटापालट हिशेबाची असेल, पण निव्वळ हिशेबाची नसावी.

माझ्यापुरती मी एक खूण ठरवून टाकली आहे. संकट खोलीत शिरते तेव्हा कॅमेरा कुठे उभा आहे, ते पाहावे. तो बाईच्या खांद्यामागून दाराकडे पाहत असेल, कडी हलताना दाखवत असेल, तर तिची भीती आपली होते. तोच कॅमेरा दारातून आत येणाऱ्याच्या डोळ्यांनी तिच्या फाटलेल्या बाहीकडे पाहू लागला, की भीती संपते आणि विक्री सुरू होते. आपण पाहिलेला चित्रपट या दोन डगरींवर पाय ठेवून उभा आहे, आणि म्हणूनच आपल्याला अर्धा वेळ किळस व अर्धा वेळ काळजी वाटली. खरे तर परीक्षण आपणच करून ठेवले आहे. स्वस्तातल्या चित्रपटाची कितीतरी व्यंगे मी बजेटच्या नावावर माफ करते: पुठ्ठ्याची तलवार, एकाच गल्लीतून तीनदा धावणारा तोच झोंबी, टोमॅटो सॉससारखे रक्त. पण कॅमेरा दाराच्या या बाजूला ठेवायचा की त्या बाजूला, याला एक येनही जास्त पडत नाही, त्यामुळे तिथे बजेटची सबब मला मान्य नाही.

मुलाला रागावण्याऐवजी त्याला आपण मला विचारलात तोच प्रश्न विचारून पाहा. लॅपटॉप मिटण्याची घाई झाली, त्या अर्थी उत्तराचा थोडा भाग त्या मुलांना ठाऊक असणार.

प्रश्न : जपान हा श्रीमंत आणि काटेकोर देश. मग तिथे इतके फाटके चित्रपट का निघतात आणि ते पाहतो तरी कोण? (एक निवृत्त वाचक, नाशिकरोड)

उत्तर : आपल्याकडे टीव्ही आल्यावर एकपडदा चित्रपटगृहांची जी गत झाली, ती जपानात फार आधी होऊन गेली. १९५८ साली जपानी चित्रपटगृहांत वर्षभरात ११२ कोटींहून अधिक तिकिटे विकली गेली होती; १९७२ साली हा आकडा १९ कोटींच्याही खाली आला. घरातल्या पेटीत जे दिसत नाही ते दाखवले तरच माणूस तिकीट काढील, हे निर्मात्यांना कळून चुकले, आणि टीव्हीवर जे दिसत नव्हते ते म्हणजे शृंगार आणि हिंसा. १९६२ पासून छोट्या स्वतंत्र निर्मात्यांनी ज्यांना पुढे पिंक चित्रपट म्हटले गेले ते काढायला सुरुवात केली. साधारण तासाभराची लांबी, आठवड्याच्या आत चित्रीकरण आणि ठरावीक अंतराने एक शृंगारिक प्रसंग, एवढ्या अटी पाळल्या की बाकी दिग्दर्शकाला मोकळीक असे. निक्कात्सु या जुन्या, नामवंत कंपनीनेही दिवाळखोरी टाळण्यासाठी १९७१ पासून १९८८ पर्यंत हाच धंदा केला. १९८९ मध्ये तोएई कंपनीने थेट व्हिडिओ कॅसेटवरच प्रकाशित होणारे चित्रपट सुरू केले, त्यांना व्ही-सिनेमा हे नाव पडले, आणि चित्रपटगृहाची गरजच संपली. झोंबीपट या वाटेवर शेवटी आला, डिजिटल कॅमेरा स्वस्त झाल्यावर.

पाहतो कोण, तर एकट्याने पाहणारा पुरुष, हे सरळ उत्तर आहे. नव्वदच्या दशकात नाशिकरोडला दहा रुपयांत रात्रभरासाठी कॅसेट देणाऱ्या एका दुकानात मी इंग्रजी भयपट शोधायला जात असे, तेव्हा मागच्या फळीवरच्या कॅसेटी मागणारे गिऱ्हाईक जसे मान खाली घालून उभे असे, तसेच काहीसे तिथेही असणार.

पण या फाटक्या धंद्याने माणसे घडवली, हे विसरता येत नाही. योजिरो ताकिता यांनी उमेदवारी पिंक चित्रपटांत केली, आणि पुढे मृतदेहाला स्नान घालून सजवणाऱ्या माणसाची कथा सांगणाऱ्या त्यांच्या चित्रपटाला २००९ मध्ये ऑस्कर मिळाले. याहून मला महत्त्वाच्या वाटतात त्या हामानो साची. मोठ्या स्टुडिओंत दिग्दर्शनाच्या विभागात शिरायला पदवीधर पुरुष असावे लागे, त्या काळात या बाई पिंक चित्रपटांच्या मागल्या दाराने आत आल्या आणि त्यांनी तीनशेहून अधिक चित्रपट केले. वरच्या उत्तरात मी ज्या दाराच्या दोन बाजू म्हटल्या, त्यांपैकी बाईची बाजू त्याच अटी आणि त्याच पैशांत सांभाळता येते, हे त्यांच्या कामावरून कळते.

प्रश्न : जपानी लोक आपल्यासारखेच प्रेत दहन करतात असे ऐकले आहे. मग त्यांच्याकडे झोंबी येतात कुठून? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : आपण रामकुंडाशेजारी राहता आणि गावोगावच्या अस्थी रोज गोदावरीत जाताना पाहता, म्हणूनच हा प्रश्न आपल्याला सुचला. जपानी चित्रपटकारांनाही तो सुचलेला आहे, आणि त्यांची खरी करामत या अडचणीतूनच निघाली.

झोंबी ही कल्पना मुळात पुरणाऱ्यांची आहे. ती हैतीच्या लोकसमजुतींतून अमेरिकेत गेली, आणि १९६८ मध्ये जॉर्ज रोमेरो यांनी ज्या चित्रपटाने तिला आजचे रूप दिले, त्याची सुरुवात दफनभूमीत होते. जपानात मात्र नव्याण्णव टक्क्यांहून अधिक मृतांचे दहन होते. दहनानंतर नातेवाईक मोठ्या चॉपस्टिकने अस्थी उचलून कलशात ठेवतात. दोघांनी मिळून एक अस्थी उचलायची, पायाची हाडे आधी आणि डोक्याची शेवटी, म्हणजे मृत व्यक्ती कलशात उलटी राहत नाही. याच कारणाने जेवताना एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देणे तिथे अशुभ मानतात. अस्थी सावडण्याचा आपला विधी ज्यांनी केला आहे, त्यांना हे परके वाटणार नाही. कलशात मावणारे माणूस उठून कोणाला चावणार?

यातून एक वाट रयुहेई कितामुरा यांनी २००० साली काढली. त्यांच्या चित्रपटातले जंगल हे गुंडटोळ्यांनी मारलेली माणसे गुपचूप पुरण्याचे ठिकाण आहे. म्हणजे संपूर्ण देशात ज्यांना अग्नी मिळाला नाही, असे मुडदे नेमके तिथे आहेत आणि तेच उठतात. दुसरी वाट १९९६ मध्ये कॅपकॉम कंपनीच्या व्हिडिओ गेमने रुळवली, ती विषाणू आणि प्रयोगशाळेची. तिथे मेलेला माणूस स्मशानापर्यंत पोहोचायच्या आतच उठतो. तिसरी वाट सर्वांत स्वस्त आणि गंगापूर रोडच्या बाईंनी पाहिलेल्या चित्रपटाची: माणूस मरायलाच नको, तो जिवंतपणीच पिसाळतो. यात प्रेताचा मेकअपही वाचतो, आणि आपल्याच शेजारचा, आपल्याच कचेरीतला पुरुष चेहरा न बदलता अंगावर येतो, हे बायकांच्या दृष्टीने कुजलेल्या मुडद्यापेक्षा अधिक भयंकर आहे.

जपानची स्वतःची भुते अगदी वेगळी आहेत. १८२५ साली काबुकी रंगभूमीवर आलेली ओइवा ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. नवऱ्याने दगा दिलेली, विषाने चेहरा विद्रूप झालेली, केस मोकळे सोडून सूड घ्यायला परत येणारी. आपल्या हडळीची ती सख्खी बहीण शोभावी. ओइवाला नाव आहे, तक्रार आहे, आणि दाद कोणाकडे मागायची हेही तिला ठाऊक आहे. झोंबीला यांतले काहीच नसते. पण एक फरक मला स्वस्त झोंबीपटांच्या बाजूने नोंदवावासा वाटतो. ओइवाला आणि हडळीलाही अंगात बळ येण्यासाठी आधी मरावे लागते. देवळात लपलेल्या त्या चौघी जिवंत राहून झुंजतात.

आपल्या मराठीतही २०२२ मध्ये आदित्य सरपोतदार यांनी डोंबिवलीत झोंबी आणून दाखवले आहेत, आणि दहनाचा प्रश्न तिथे कोणालाच पडला नाही. लोकलची गर्दी ज्याने पाहिली आहे, त्याला तो पडतही नाही.

प्रश्न : असे चित्रपट तिथले सेन्सॉर मंजूर कसे करते? आपल्याकडे चालेल का? (एक वाचक, सातपूर)

उत्तर : जपानात आपल्यासारखे सरकारी मंडळ नाही. एइरिन ही चित्रपट व्यवसायानेच १९४९ मध्ये स्थापन केलेली संस्था वयाप्रमाणे श्रेणी देते, आणि अशा चित्रपटांना १८ वर्षांखालील प्रेक्षकांना मज्जाव करणारी श्रेणी मिळते. तिथल्या दंडसंहितेचे १७५ वे कलम अश्लीलतेविरुद्ध आहे, त्यामुळे रक्ताचे पाट दिसतात, पण विशिष्ट अवयवांवर धुरकट चौकटी येतात. आपल्याकडे चित्रपटगृहात दाखवायचा तर १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली प्रमाणपत्र लागेल, आणि हा चित्रपट त्यासाठी नेला तर कात्रीतून उरलेला भाग मध्यंतरापर्यंतही पुरणार नाही.

प्रश्न : ताई, आम्ही पाच मैत्रिणी आहोत. एकीच्या आजोबांचा जुन्या नाशकातला वाडा दोन वर्षांपासून बंद आहे. तिथे आम्हांला वीस मिनिटांचा झोंबीपट करायचा आहे. एकूण पैसे पंधरा हजार. मुलगे घेणार नाही असे ठरले आहे. काही सुचवाल का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कॉलेज रोड)

उत्तर : जरूर करा. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना १९१३ च्या आपल्या पहिल्या चित्रपटासाठी एकही स्त्री मिळाली नाही आणि तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या उपाहारगृहात काम करणाऱ्या तरुणाला द्यावी लागली. तुमची अडचण नेमकी उलटी आहे, आणि ती मला फार आवडली.

आधी शिनिचिरो उएदा यांचा २०१७ सालचा 'वन कट ऑफ द डेड' पाहा. त्याविषयी काही वाचू नका, आणि पहिल्या अर्ध्या तासात कंटाळा आला तरी उठू नका. एका अभिनय कार्यशाळेतून निघालेला हा चित्रपट सुमारे ३० लाख येनमध्ये, म्हणजे त्या वेळच्या दराने १७-१८ लाख रुपयांत झाला आणि त्याने जपानात ३०० कोटी येनहून अधिक कमाई केली. त्यातला पहिला सदतीस मिनिटांचा भाग एका सलग चित्रणात आहे. तुम्ही तसे करायला जाऊ नका. पाहायचे ते एवढेच की, फजितीसुद्धा कथेत कशी वापरता येते.

रक्तासाठी केकचे सामान मिळते त्या दुकानातून लिक्विड ग्लुकोज आणा, त्यात खाण्याचा लाल रंग घाला आणि चिमूटभर कोको पावडर; कोकोशिवाय ते सरबतासारखे दिसते. रोमेरो यांनी चॉकलेटचे सिरपच वापरले होते, पण त्यांचा चित्रपट कृष्णधवल होता. हा रंग शहाबादी फरशीवर बसला की निघत नाही, म्हणून आजोबांच्या चौकात आधी प्लास्टिक अंथरा. रक्ताने माखलेल्या अवस्थेत वाड्याबाहेर चहालाही जाऊ नका, शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, आणि गल्लीत किंवा घाटावर काही चित्रित करणार असाल तर पोलीस ठाण्यात लेखी कळवून परवानगी घ्या. दिवे भाड्याने आणू नका. वाड्याच्या चौकात दुपारी अकरा ते दोन वरून जे ऊन उतरते ते फुकट आहे, आणि माजघर त्या वेळीही अंधारेच असते.

पाच जणींपैकी झोंबी कोण आणि माणूस कोण, हे भांडण तुमच्यात होणारच. माझी सूचना अशी की, झोंबी दाखवूच नका. पंधरा हजारांत पाच झोंबी हास्यास्पद दिसतील, पण दिंडी दरवाजावर पडणारी एक थाप मुळीच हास्यास्पद वाटणार नाही. सगळ्या जणी आतच राहा, कॅमेराही आतच ठेवा, आणि तो एकदाही दाराबाहेर गेला नाही याची जबाबदारी एकीवर लेखी सोपवा. बाहेरून आत पाहणारे एकही दृश्य घेऊ नका, मग ते कितीही सुंदर दिसो.

पत्रात तुम्ही लिहिले आहे की दरवाजाला अजून जुना सागवानी अडसर आहे. तो भिंतीतल्या खोबणीतून ओढून दुसऱ्या बाजूला बसवताना जो आवाज होतो, तो मोबाइलवर वेगळा ध्वनिमुद्रित करा, निदान पाच-सहा वेळा. हे काम रात्री अकरानंतर करा. दिवसा भांडी बाजारातली ठोकाठोक त्यात आल्याशिवाय राहणार नाही. आणि अडसराला तेल घालू नका.